सशाचे पिल्लू भाजी खात नाही, तेव्हा...

सोनाळा (जि. बुलडाणा) : सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवा अभयारण्याच्या वाटेवर वसलेले सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातील गाव. हिवाळ्यात येथे सांबार, मेथी, मुळा यांची ताजी जुडी सहज मिळते. अशा गावातील एखाद्या घरी मुलांच्या हट्टापायी सशाचे पांढरे पिल्लू आले, की पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे हिरव्या भाजीचा ढीग मांडला जातो. पिल्लू मात्र त्याकडे पाठ फिरवून कोपऱ्यात बसून राहते. मग 'हे फार नखरेल आहे' असा निष्कर्ष काढून कोणी बिस्कीट पुढे करतो, कोणी पोळीचा तुकडा, तर कोणी केळे.

अमरावती, पुणे वा मुंबईतील सदनिकेतही हेच चित्र दिसते. वस्तुतः भाजीकडे पाठ फिरवणाऱ्या पिल्लाचे वागणे बहुतेक वेळा शहाणपणाचे असते. त्याची पचनसंस्था अजून पक्व झालेली नसते आणि अनोळखी पदार्थ एकदम पोटात गेल्यास ते काही तासांत दगावूही शकते. दुसरीकडे, पिल्लू काहीच खात नसेल तर तो हट्ट नसून आजार असू शकतो. या दोन अवस्थांतील फरक ओळखणे आणि भाजीची ओळख टप्प्याटप्प्याने करून देणे, ही सशाच्या संगोपनातील सर्वांत नाजूक बाब होय.

आधी ओळख : घरचा ससा आणि रानातला ससा

मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. पिंजऱ्यात पाळला जाणारा पांढरा, करडा वा ठिपकेदार ससा हा मूळचा युरोपातील रानसशाचा वंशज. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट, ग्रे जायंट या त्याच्या भारतात आढळणाऱ्या जाती होत. त्याची पिल्ले जन्मतः आंधळी व केसविरहित असतात आणि बिळात वा घरट्यात वाढतात.

सोनाळा परिसरातील शेतात, धुऱ्यावर व जंगलाच्या कडेला दिसणारा तपकिरी ससा हा मात्र भारतीय रानससा. त्याची पिल्ले जन्मतःच डोळे उघडे व अंगावर केस असलेली असतात. आई त्यांना दिवसभर गवतात एकटे सोडून दूर राहते आणि केवळ दूध पाजण्यापुरती येते. त्यामुळे एकटे दिसणारे पिल्लू अनाथ असेलच असे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये रानसशाला संरक्षण असून त्याला पकडणे वा घरी पाळणे हा गुन्हा आहे. शेतात असे पिल्लू आढळल्यास ते तेथेच राहू द्यावे. ते जखमी असल्यास वन विभागाला कळवावे. गाईचे दूध पाजून त्याला वाचविण्याचा प्रयत्न बहुधा त्याच्या मृत्यूस कारणीभूत ठरतो. पुढील सर्व माहिती केवळ पाळीव सशासाठी आहे.

पिल्लाचे पोट नाजूक का?

सशाचे पोट माणसासारखे वा कुत्र्या-मांजरासारखे नसते. लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर त्याला एक मोठी पिशवी असते. शास्त्रीय भाषेत तिला उंडुक म्हणतात. पचनसंस्थेतील सुमारे ४० टक्के ऐवज एकट्या या पिशवीत सामावलेला असतो. तेथे उपयुक्त सूक्ष्मजीव चोथा आंबवून त्यातून पोषण तयार करतात. या आंबवणीतून निघणाऱ्या मऊ, चकचकीत गोळ्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन पुन्हा खातो. हा घाणेरडेपणा नसून त्याच्या आहाराचा आवश्यक भाग आहे. त्याला त्यापासून रोखू नये.

प्रौढ सशाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते, की अन्नासोबत आलेले बहुतेक घातक जंतू तेथेच मरतात. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या जठरात हे आम्ल सौम्य असते आणि त्याचे रक्षण आईच्या दुधापासून बनणारे विशिष्ट स्निग्ध घटक करतात. चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास दूध सुटते, तेव्हा दुधाचे संरक्षण संपलेले असते आणि आम्लाची तीव्रता अजून पुरेशी वाढलेली नसते. आंत्रदाहाने पिल्ले दगावण्याचा धोका याच काळात सर्वाधिक असतो. त्यामुळे आठ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. बाजारात मात्र अनेकदा त्याहून लहान पिल्ले विकली जातात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सशाला उलटी करता येत नाही. एकदा गिळलेला अयोग्य पदार्थ बाहेर टाकण्याचा मार्ग त्याच्याकडे नाही.

आवडनिवड ठरते आईपासून

पिल्लू भाजी का नाकारते, याचे एक उत्तर संशोधनातून मिळाले आहे. हंगेरीतील विल्मोश आल्टबॅकर, रॉबिन हडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात सशांच्या आहारावर प्रयोग केले. गाभण मादीच्या खाण्यात जुनिपर या झुडपाची फळे मिसळण्यात आली. तिची पिल्ले दूध सुटल्यानंतर तोच वास असलेल्या अन्नाकडे ओढली गेली. हा वास गर्भातच, आईच्या दुधातून आणि तिने घरट्यात टाकलेल्या लेंड्यांतून अशा तीन मार्गांनी पिल्लापर्यंत पोहोचतो, असे या अभ्यासातून दिसून आले.

याचा व्यावहारिक अर्थ सोपा आहे. ज्या मादीला केवळ दाणेदार कारखानी खाद्य मिळाले, तिच्या पिल्लाला मेथी अथवा सांबार हे 'अन्न' आहे हेच ठाऊक नसते. अनोळखी वासापासून दूर राहणे हा त्याच्या स्वसंरक्षणाचा भाग असतो. म्हणून पिल्लू घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो त्याच्या आणि त्याच्या आईच्या खाण्याविषयी. जे खाद्य चालू होते, तेच पहिले सात ते दहा दिवस तसेच चालू ठेवावे. नवे घर, नवे आवाज, नवी माणसे आणि त्यात नवे अन्न, इतका बदल त्याला एकाच वेळी पेलवत नाही.

गवत हेच खरे जेवण

सशाच्या आहारात ८० ते ८५ टक्के वाटा गवताचा असावा. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण दोन ते तीन मिलिमीटर वाढतात. गवत चावताना जबड्याची जी आडवी हालचाल होते, तिच्यामुळेच दाढा झिजून योग्य लांबीच्या राहतात. शिवाय गवतातील लांब तंतू आतड्यांना हालते ठेवतात. भाजीतून पाणी, जीवनसत्त्वे व चव मिळते, पण ती गवताची जागा घेऊ शकत नाही.

सुके, हिरवट, सुगंधी गवत चोवीस तास उपलब्ध असावे. मारवेलसारखे मऊ गवत उत्तम. हरळीही चालते. सोनाळ्यासारख्या गावी गवत विनामूल्य मिळत असले, तरी काही दक्षता आवश्यक आहे :

- कपाशी, सोयाबीन, तूर यांच्या धुऱ्यावरील गवत फवारणीच्या काळात कापू नये. संत्र्याच्या बागेतील गवतावरही तणनाशक वा कीटकनाशक असू शकते.
- कुसळी गवत टाळावे. त्याची टोकदार कुसळे हिरड्यांत, घशात व डोळ्यांत रुततात.
- ज्वारीची कोवळी रोपे देऊ नयेत. त्यांत हायड्रोसायनिक आम्ल हे विष तयार होते.
- सोयाबीनचे वा तुरीचे कुटार हे गवताला पर्याय नव्हे. ते टोचरे व धुळकट असते.
- पावसाळ्यात ओले राहून बुरशी धरलेले गवत फेकून द्यावे.

सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला लसूण घास वाळवून देता येतो. शहरी वाचकांचा येथे हमखास गोंधळ होतो. लसूण घास म्हणजे लसणाची पात नव्हे, तर ल्यूसर्न नावाचे प्रथिने व कॅल्शियमयुक्त चारापीक होय. लसणाची व कांद्याची पात सशाला विषारी ठरते. प्रौढ सशाला लसूण घास नियमित देऊ नये, कारण जादा कॅल्शियममुळे मूत्रमार्गात खर साचण्याची शक्यता वाढते.

भाजीची सुरुवात केव्हा व कशी?

आईसोबत असतानाच हिरवा पाला खाणाऱ्या पिल्लाला तो थोड्या प्रमाणात पुढेही देता येतो. ज्याने कधीच भाजी खाल्लेली नाही, त्याला साधारणपणे १२ आठवडे पूर्ण झाल्यावर भाजीची ओळख करून द्यावी. क्रम असा ठेवावा :

१. पहिला दिवस : एकाच प्रकारच्या भाजीची एक-दोन पाने, नाण्याच्या आकाराएवढी. वेळ सकाळची असावी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येते.

२. दुसरा दिवस : नवे काहीही देऊ नये. लेंड्या पाहाव्यात. त्या गोल, कोरड्या व नेहमीच्या आकाराच्या असतील तर भाजी मानवली असे समजावे.

३. तिसरा ते पाचवा दिवस : त्याच भाजीचे प्रमाण हळूहळू १० ते १५ ग्रॅमपर्यंत न्यावे.

४. सहावा दिवस : सर्व ठीक असल्यास दुसरी भाजी, पुन्हा एका पानापासून.

एका वेळी एकच नवी भाजी, हा नियम मोडू नये. दोन भाज्या एकत्र सुरू केल्या आणि पोट बिघडले, तर दोष कोणाचा हे कळत नाही. लेंड्या मऊ झाल्यास भाजी त्वरित बंद करून दोन-तीन दिवस केवळ गवत व पाणी द्यावे. त्यानंतर वेगळी भाजी निवडावी. प्रौढ झाल्यावर वजनाच्या दर किलोमागे दाबून भरलेली एक मोठी वाटी पालेभाजी रोज पुरेशी होते. त्या प्रमाणापर्यंत काही महिन्यांत पोहोचायचे असते, काही दिवसांत नव्हे.

नाकारणाऱ्या पिल्लासाठी उपाय

- वासापासून प्रारंभ : विदर्भात ज्याला सांबार म्हणतात ती कोथिंबीर, तसेच पुदिना, तुळस, शेपू यांचा वास तीव्र असल्याने पिल्लू कुतूहलाने जवळ येते. पहिली भाजी यांतूनच निवडावी.
- गवतात मिसळणे : पाने हातावर किंचित चोळून गवताच्या पेंढीत खोचावीत. गवत खाता खाता नवी चव तोंडात जाते.
- जागा बदलणे : ताटलीत ठेवलेली भाजी नाकारणारे पिल्लू पिंजऱ्याच्या जाळीला बांधलेली जुडी मात्र खेळता खेळता कुरतडते.
- सोबत : भाजी खाणारा दुसरा ससा शेजारी असल्यास पिल्लू त्याचे पाहून शिकते.
- चिकाटी : एकदा नाकारलेली भाजी कायमची वगळू नये. तीच भाजी रोज थोडी पुढे ठेवावी. पिल्लू आठ-दहा दिवस केवळ वास घेईल आणि नंतर एक दिवस पान उचलेल.
- वेळेचे बंधन : न खाल्लेली भाजी तीन-चार तासांत उचलावी. उन्हाळ्यात त्याहूनही लवकर.

भूक लागली की खाईल, या समजुतीने गवत काढून घेणे ही मोठी चूक ठरते. सशाचे आतडे रिकामे राहिले की त्याची हालचाल मंदावते आणि त्यातून जिवावर बेतते. भाजीला गूळ, साखर वा मीठ लावण्याचा मोहही टाळावा.

कोणती भाजी द्यावी, कोणती टाळावी

*नियमित देण्याजोगी :* कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, फ्लॉवरची बाहेरची पाने, पुदिना, तुळस, शेपू.

*अधूनमधून, अल्प प्रमाणात :* पालक, राजगिरा, तांदुळजा व घोळ. या भाज्यांत ऑक्झलेटचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे त्या लागोपाठ देऊ नयेत. पानकोबीने काही सशांच्या पोटात वायू धरतो. काकडीत पाणीच अधिक असल्याने लहान पिल्लास ती देण्याची घाई करू नये.

*कटाक्षाने टाळावे :* कांदा, लसूण व त्यांची पात, बटाटा, टोमॅटो व वांग्याची पाने, ॲव्होकॅडो, चॉकलेट, बिस्किटे, पोळी, भात, डाळी व शेंगदाणे.

*फळे :* सोनाळा व टुनकी परिसर संत्र्यासाठी ओळखला जातो. घरात संत्री असली की एखादी फोड पिल्लापुढे जाणे स्वाभाविक आहे. तथापि फळांतील साखरेने उंडुकातील सूक्ष्मजीवांचा समतोल ढळतो. सहा महिने पूर्ण होईपर्यंत कोणतेही फळ न देणे श्रेयस्कर.

गाजराबाबतचा समज येथे दूर करणे आवश्यक आहे. ससा व गाजर ही जोडी जगभर लोकप्रिय झाली ती मुख्यतः 'बग्ज बनी' या व्यंगपटातील सशामुळे. १९४० सालच्या पहिल्या चित्रपटापासून तो गाजर कुरतडताना दिसतो. प्रत्यक्षात गाजराच्या कंदात साखर बरीच असते. प्रौढ सशाला आठवड्यातून एक-दोन चकत्या पुरेत. हिरवा पाला मात्र रोज चालतो.

सर्व भाज्या वाहत्या पाण्यात दोन-तीन वेळा धुवून, निथळून, सामान्य तापमानाला आणून द्याव्यात. फ्रीजमधील थंडगार भाजी थेट देऊ नये. पिवळी पडलेली, सडलेली वा बुरशीची भाजी 'जनावराला चालते' म्हणून देणे धोक्याचे आहे.

पाणी व उन्हाळा

संग्रामपूर तालुक्याचा काही भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. बोअरचे खारे पाणी सशाला देऊ नये. घरातील माणसे जे पाणी पितात, तेच त्यालाही द्यावे. सशाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागते. उन्हाळ्यात ते आणखी वाढते.

सशाला घामावाटे शरीर थंड ठेवता येत नाही. कानांतील रक्तवाहिन्यांद्वारे तो उष्णता बाहेर टाकतो. तापमान ३० अंशांपलीकडे गेले की त्याला त्रास होऊ लागतो. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर राहतो, तेव्हा त्याची भूक आपोआप मंदावते. त्या दिवसांत नवी भाजी सुरू करू नये. सवयीची भाजी पहाटे व रात्री द्यावी, पिंजरा सावलीत व हवेशीर ठेवावा आणि थंड मातीची फरशी वा ओला माठ शेजारी ठेवावा.

चौकट : नखरा की आजार?

*भाजी नाकारतो, पण गवत खातो, पाणी पितो, लेंड्या नेहमीच्या आहेत, उड्या मारतो :* चिंता नको. संयमाने भाजीचा प्रयत्न चालू ठेवावा.

*पुढील लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे :*
- गवतही खाणे बंद. प्रौढ सशाने १२ तास काही न खाणे ही तातडीची अवस्था होय. पिल्लाबाबत तितकाही वेळ थांबू नये.
- लेंड्या बारीक होणे, थांबणे किंवा पातळ शौच होणे.
- अंग चोरून एका जागी बसणे, दात करकर वाजवणे.
- पोट फुगून घट्ट लागणे, कान थंड पडणे.
- खाण्याची इच्छा असूनही घास तोंडातून पडणे, हनुवटी ओली राहणे. ही दातांच्या विकाराची खूण असते.

घरातील माणसांची औषधे देऊ नयेत. विशेषतः ॲमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातील प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जीवाणू मरून त्याचा मृत्यू ओढवू शकतो.

सल्ला कोठे?

तालुका पातळीवरील पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भर साहजिकच गाई, म्हशी व शेळ्यांवर असतो. त्यामुळे पिल्लू घेण्यापूर्वीच सशांवर उपचार करणारा पशुवैद्यक जवळपास कोठे आहे, याची चौकशी करून ठेवावी. वऱ्हाडातील पालकांसाठी अकोला येथील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था हे मोठे केंद्र होय. ही संस्था नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत येते. दवाखान्यात जाताना पिल्लाच्या ताज्या लेंड्या एका कागदात बांधून सोबत न्याव्यात आणि गेल्या तीन दिवसांत काय काय दिले त्याची नोंद दाखवावी. निदानास त्याची मोठी मदत होते.

नोंदीची ही सवय पहिल्या दिवसापासूनच लावलेली बरी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर भाजीचे नाव, तारीख व लेंड्यांचा प्रकार लिहावा. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातील काट्यावर पिल्लाचे वजन करावे. वाढत्या वयात वजन स्थिर राहिले वा घटले, तर बाह्यतः ठणठणीत दिसणाऱ्या पिल्लाचीही तपासणी करून घ्यावी. हे काम घरातील मुलांकडे सोपवता येते, देखरेख मात्र मोठ्यांचीच असावी.

योग्य आहार मिळाल्यास पाळीव ससा आठ ते बारा वर्षे जगतो. आज पाचवीत असलेल्या मुलाच्या हट्टाखातर आणलेले पिल्लू, तो महाविद्यालयात जाईल तेव्हाही घरात असू शकते. त्या दीर्घ सोबतीच्या तुलनेत सांबाराच्या एका पानासाठी दोन-तीन आठवडे थांबणे फारसे अवघड नाही.